संध्याकाळच्या भुकेला ठेच्यातली उकडलेली अंडी : कशी करावी, कोणी किती खावी?

संध्याकाळी पाच-सहा वाजता लागणारी भूक वऱ्हाडातल्या बऱ्याच घरांत तळलेल्या पदार्थावर भागते. कधी गिला वडा, कधी कचोरी, समोसा, तर कधी आलुबोंडा. चव छान असते, पोटही भरते. पण या पदार्थांत तेल, मैदा, बेसन किंवा बटाटा जास्त आणि प्रथिने त्या मानाने थोडी असतात. घरात मधुमेह, रक्तदाब किंवा वाढलेल्या वजनाचा रुग्ण असेल, तर रोजची ही सवय महागात पडते.

याच भुकेला घरी वीस मिनिटांत होणारा, झणझणीत आणि पोटाला टिकणारा एक सोपा पर्याय आहे, ठेच्यातली उकडलेली अंडी. अंड्यांबद्दल मात्र रुग्णांच्या मनात बऱ्याच शंका असतात. पिवळे खावे की टाकावे? उन्हाळ्यात अंडे गरम पडते का? टाके असताना चालते का? अंडे बहुतेकांना चालते. त्रास होतो तो बहुधा ते अर्धवट शिजवल्याने, उकडून तासन् तास बाहेर ठेवल्याने किंवा त्यावर टाकलेल्या मिठा-तेलाने. त्यामुळे पाककृतीसोबत या गोष्टीही नीट समजून घेऊ.

थोडक्यात महत्त्वाचे

• निरोगी प्रौढ व्यक्तीने रोज एक पूर्ण अंडे खायला सहसा हरकत नाही.
• पांढरा भाग आणि पिवळा बलक, दोन्ही घट्ट होईपर्यंत अंडे उकडावे.
• उकडलेले अंडे दोन तासांपेक्षा जास्त वेळ बाहेर ठेवू नये. वऱ्हाडातल्या उन्हाळ्यात ही मर्यादा एका तासाची समजावी.
• रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असल्यास वरून मीठ घालू नये.
• मूत्रपिंडाच्या रुग्णांनी अंड्यांची संख्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावी.

एका अंड्यातून काय मिळते?

मध्यम आकाराच्या, सुमारे ५० ग्रॅमच्या एका अंड्यातून साधारण ७० कॅलरी, ६ ग्रॅम प्रथिने आणि ५ ग्रॅम स्निग्ध पदार्थ मिळतात. साखर किंवा पिष्ट पदार्थ जवळजवळ नसतात. प्रौढ माणसाला रोज वजनाच्या दर किलोमागे सुमारे ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. म्हणजे ६० किलो वजनाच्या व्यक्तीला दिवसाला सुमारे ५० ग्रॅम. दोन अंड्यांतून त्यातला जवळपास चौथा हिस्सा भरून निघतो.

शरीराला लागणारी सर्व आवश्यक अमिनो आम्ले अंड्यातल्या प्रथिनांत असतात आणि ती सहज पचतात. शिजवलेल्या अंड्यातील सुमारे ९० टक्के प्रथिने शरीरात शोषली जातात. कच्च्या अंड्यातील मात्र निम्मीच. त्यामुळे ताकद यावी म्हणून दुधात कच्चे अंडे फोडून पिण्यात फायदा नाही, उलट जंतुसंसर्गाचा धोका आहे.

बी-१२, ड आणि अ ही जीवनसत्त्वे तसेच कोलीन प्रामुख्याने पिवळ्या बलकात असते. मांस-मासे न खाणाऱ्या आणि दूधही कमी घेणाऱ्या लोकांत बी-१२ची कमतरता बऱ्याचदा आढळते. हातापायांना मुंग्या येणे, थकवा, जिभेची आग ही त्याची लक्षणे असू शकतात. अशा व्यक्ती अंडे खात असतील तर बलक टाकून देऊ नये. मात्र कमतरता जास्त असेल तर अंडी पुरत नाहीत, औषध घ्यावे लागते.

अंड्यात लोहही असते, पण त्यातले फार थोडे अंगी लागते. लिंबू, आवळा किंवा संत्र्यातील क जीवनसत्त्व लोह शोषायला मदत करते, तर चहा त्यात अडथळा आणतो. म्हणून अंड्यावर लिंबू पिळावे. वरुड-मोर्शीची संत्री बाजारात असतील तेव्हा नंतर एक संत्रे खावे आणि चहा तासाभराने घ्यावा. रक्त कमी असलेल्या स्त्रियांनी हे विशेष लक्षात ठेवावे.

साहित्य (दोन जणांसाठी)

• अंडी ४
• हिरव्या मिरच्या २ ते ३
• लसूण पाकळ्या ५ ते ६
• भाजलेले शेंगदाणे १ मोठा चमचा
• तेल १ लहान चमचा
• हळद पाव लहान चमचा
• मीठ पाव लहान चमचा किंवा त्याहून कमी
• बारीक चिरलेला कांदा १
• सांबार (कोथिंबीर) मूठभर
• लिंबू अर्धे

कृती

१. फ्रिजमधली अंडी दहा मिनिटे आधी बाहेर काढावी, म्हणजे गरम पाण्यात पडल्यावर तडकत नाहीत. कवचाला माती किंवा विष्ठा लागलेली असेल तर उकडण्याच्या आधी धुवावी आणि नंतर हात साबणाने धुवावेत.

२. अंडी बुडतील इतके पाणी उकळावे. उकळी आल्यावर झाऱ्याने किंवा मोठ्या चमच्याने अंडी अलगद आत सोडावीत. मध्यम आचेवर १० ते १२ मिनिटे ठेवावीत.

३. लगेच काढून थंड पाण्यात पाच मिनिटे बुडवावीत. अंड्याच्या रुंद टोकाकडून सोलायला सुरुवात करावी, कारण तिथे हवेची पोकळी असते. अगदी ताज्या अंड्याचे कवच पांढऱ्या भागाला चिकटते. चार-पाच दिवसांचे अंडे सोपे सुटते.

४. तव्यावर मिरच्या आणि लसूण डाग पडेपर्यंत भाजावे. शेंगदाणे आणि मीठ घालून खलबत्त्यात जाडसर कुटावे. अगदी बारीक वाटू नये.

५. त्याच तव्यावर चमचाभर तेल तापवून हळद आणि ठेचा अर्धा मिनिट परतावा. अंड्यांचे उभे दोन भाग करून कापलेली बाजू खाली येईल अशी ठेवावीत. एक मिनिटाने उलटावीत.

६. वरून कांदा, सांबार आणि लिंबाचा रस घालून गरमच खावे.

दोन अंड्यांच्या एका वाढणीत साधारण २०० कॅलरी आणि १३ ग्रॅम प्रथिने होतात. सोबत अर्धी ज्वारीची भाकरी, काकडी किंवा मुळा घेतल्यास तंतुमय पदार्थही मिळतात. अंड्यात ते अजिबात नसतात.

ठेच्याऐवजी जवसाची चटणी भुरभुरली तरी चव छान येते. जवसात ओमेगा-३ प्रकारची चरबी आणि तंतू असतात. चटणी विकतची असेल तर तिच्यात मीठ आधीच भरपूर असते, हे लक्षात घ्यावे.

तब्येतीनुसार बदल

रक्तदाब किंवा हृदयविकार : दिवसभरात सर्व मिळून ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. हे प्रमाण सपाट लहान चमच्याहूनही थोडे कमी आहे. भाजी, डाळ, भाकरी, लोणचे आणि पापडातूनच ते ओलांडले जाते. म्हणून ठेचा बिनमिठाचा करावा. लिंबू, लसूण, सांबार आणि मिरपूड असेल तर मिठाची उणीव फारशी जाणवत नाही. सैंधव आणि काळे मीठ हेही मीठच आहे. त्यातही सोडियम असते.

मधुमेह : अंड्याने रक्तातील साखर फारशी वाढत नाही आणि भूक बराच वेळ लागत नाही. त्यामुळे संध्याकाळच्या बिस्किटांपेक्षा किंवा चिवड्यापेक्षा अंडे चांगले. पण याच कारणामुळे एक खबरदारी आवश्यक आहे. साखर कमी होऊन घाम, थरथर किंवा चक्कर येत असेल तर अंडे खाऊन उपयोग होत नाही. रुग्ण शुद्धीवर असेल तर लगेच तीन लहान चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून द्यावे, १५ मिनिटांनी पुन्हा साखर तपासावी आणि बरे वाटल्यावर खायला द्यावे. रुग्ण बेशुद्ध असेल तर तोंडाने काहीही देऊ नये, तातडीने रुग्णालयात न्यावे.

मूत्रपिंडाचा आजार : डायलिसिस सुरू नसलेल्या रुग्णांना अनेकदा प्रथिने मर्यादित ठेवावी लागतात. डायलिसिस सुरू झाल्यावर उलट जास्त प्रथिने लागतात. त्यामुळे शेजारच्या रुग्णाला चालते ते आपल्याला चालेलच असे नाही. फॉस्फरस वाढलेले असेल तर पांढरा भाग अधिक योग्य, कारण फॉस्फरस मुख्यतः बलकात असते. अशा रुग्णांनी शेंगदाणे वगळावेत. 'लो सोडियम' मिठात पोटॅशियम असते, म्हणून तेही डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये.

आम्लपित्त, अल्सर, मूळव्याध : इथे अंड्यापेक्षा मिरचीचा त्रास होतो. मिरची वगळून जिरेपूड, थोडी मिरपूड आणि सांबार वापरावा.

पित्ताशयात खडे : तेलकट, स्निग्ध खाल्ल्यावर बरगडीखाली उजवीकडे दुखत असेल तर बलक आणि तेल कमी करावे आणि सर्जनचा सल्ला घ्यावा.

गरोदर आणि स्तनदा माता : पूर्ण उकडलेले अंडे उत्तम. एका अंड्यातून मिळणारे सुमारे १४० मिलिग्रॅम कोलीन बाळाच्या मेंदूच्या वाढीला उपयोगी असते. हाफ बॉईल, हाफ फ्राय किंवा कच्चे अंडे मात्र टाळावे. अमरावती जिल्ह्याच्या मेळघाटात, धारणी आणि चिखलदरा तालुक्यांत, शासनाची डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना लागू आहे. २०१५ साली सुरू झालेल्या या योजनेत गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीत एक वेळचा चौरस आहार मिळतो. त्यात अंड्याचाही समावेश आहे. पुढे सात महिने ते सहा वर्षांच्या बालकांसाठीही अंडी किंवा केळी देणे सुरू झाले. आपल्या अंगणवाडीत याची चौकशी जरूर करावी.

लहान मुले : सहा महिन्यांनंतर वरचे अन्न सुरू करताना नीट शिजलेले अंडे कुस्करून वरण-भातात देता येते. पहिल्यांदा चमचाभरच द्यावे आणि दोन तास लक्ष ठेवावे. अंगावर गांधी, ओठ सुजणे किंवा उलटी झाली तर पुन्हा देऊ नये, डॉक्टरांना दाखवावे. चार वर्षांखालील मुलांना अख्खे किंवा मोठे तुकडे देऊ नयेत, घशात अडकण्याचा धोका असतो. मिरची आणि अख्खे शेंगदाणेही नकोत.

क्षयरोग : उपचारात वजन वाढणे फार महत्त्वाचे असते. निक्षय पोषण योजनेत क्षयरुग्णाला उपचार सुरू असेपर्यंत आहारासाठी थेट बँक खात्यात रक्कम मिळते. नोव्हेंबर २०२४ पासून ती दरमहा ५०० रुपयांवरून १,००० रुपये झाली आहे. या पैशातून रोज एक-दोन अंडी सहज बसतात. खाते जोडलेले नसेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारावे.

वृद्ध आणि दात नसलेले रुग्ण : अंडे किसून मऊ भातात किंवा भाकरीच्या कुस्करात मिसळावे. वय वाढते तसे स्नायू झिजतात, म्हणून प्रथिनांची गरज कमी होत नाही.

खारपाणपट्ट्यातील घरांसाठी

पूर्णा नदीच्या खोऱ्यातील अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांच्या मोठ्या भागात भूजल खारे आहे. अशा गावांत एक प्रश्न हमखास येतो : खाऱ्या पाण्यात उकडलेले अंडे रक्तदाबाच्या रुग्णाला चालते का? चालते. कवच शाबूत असेल तर पाण्यातले मीठ आत नगण्यच जाते. पण वरण, भात आणि भाजी याच पाण्यात शिजत असेल तर ते क्षार थेट पोटात जातात. पाणी उकळल्याने खारेपणा जात नाही. पाणी आटते, त्यामुळे उलट क्षार अधिक तीव्र होतात. म्हणून पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी नळयोजनेचे किंवा शुद्ध केलेले पाणी वापरावे. तेही शक्य नसेल तर वरचे मीठ आणखी कमी करावे. रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा आजार असल्यास आपल्या पाण्याबद्दल डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

उन्हाळ्यात अंडी सांभाळताना

मे महिन्यात अकोला आणि अमरावतीचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. अशा हवेत साल्मोनेला हे जंतू वेगाने वाढतात. ते अंड्याच्या कवचावर, क्वचित आतही असू शकतात. पूर्ण उकडल्यावर जंतू मरतात, पण सोललेल्या अंड्याला हातावाटे किंवा भांड्यातून नवे जंतू लागू शकतात.

• उन्हाळ्यात दोन-तीन दिवसांचीच अंडी आणावी. तडकलेली घेऊ नये.
• फ्रिज नसेल तर अंडी घरातल्या सर्वांत थंड, सावलीच्या जागी ठेवावी आणि खायची तेवढीच उकडावी.
• आणल्याबरोबर धुवून ठेवू नये. कवचावरचे नैसर्गिक आवरण निघून जाते आणि जंतूंना आत जायला वाट मिळते.
• उकडलेली अंडी कवचासह फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतात. सोललेली त्याच दिवशी संपवावी.
• दुपारच्या डब्यात उकडलेले अंडे द्यायचे असेल तर उन्हाळ्यात टाळलेलेच बरे.
• पाण्यात तरंगणारे अंडे जुने असते. फोडल्यावर वास आला तर टाकून द्यावे.
• गाडीवरची सकाळपासून सोलून ठेवलेली अंडी घेऊ नये. समोर सोलून देत असतील तर घ्यावी.

रुग्ण नेहमी विचारतात

पिवळ्या बलकाने कोलेस्टेरॉल वाढते का?
एका अंड्यात सुमारे १८० ते २०० मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल असते आणि ते सगळे बलकात असते. मात्र रक्तातले बरेचसे कोलेस्टेरॉल यकृत स्वतः तयार करते. ते वाढवण्यात वनस्पती तूप, बेकरीचे पदार्थ, तळण आणि साय-लोणी यांचा वाटा बहुतेक लोकांत अंड्यापेक्षा मोठा असतो. म्हणून निरोगी माणसाने रोज एक अंडे बलकासह खावे. मधुमेह, हृदयविकार किंवा वाढलेले कोलेस्टेरॉल असेल तर आठवड्यातून किती बलक खायचे हे डॉक्टरांशी बोलून ठरवावे. पांढरा भाग रोज चालतो. आनुवंशिक कारणाने कोलेस्टेरॉल फार वाढलेले असल्यास अधिक काळजी घ्यावी लागते.

उन्हाळ्यात अंडे गरम पडते का?
अंड्याने शरीराचे तापमान धोकादायकरीत्या वाढत नाही. उन्हाळ्यात त्रास होतो तो बहुधा बाहेर राहून खराब झालेल्या अंड्यामुळे, जास्त तिखटामुळे किंवा पाणी कमी प्यायल्यामुळे. रोज एक ताजे अंडे उन्हाळ्यातही चालते.

ऑपरेशननंतर अंडे खाल्ल्याने टाके पिकतात का?
नाही. टाके पिकतात ते जंतुसंसर्गामुळे. जखम भरायला प्रथिने लागतातच. डॉक्टरांनी तोंडाने खायला परवानगी दिली की अंडे सुरू करता येते.

कावीळ झाल्यावर अंडी बंद करावी का?
साध्या काविळीत पथ्याच्या नावाखाली नुसता भात आणि उसाचा रस देण्याने अशक्तपणा वाढतो. मळमळ नसेल तर उकडलेले अंडे चालते. यकृताचा गंभीर किंवा जुनाट आजार असेल तर आहार डॉक्टरांकडून ठरवून घ्यावा.

गावरान अंडे जास्त पौष्टिक असते का?
कवचाचा रंग कोंबडीच्या जातीवर आणि बलकाचा रंग तिच्या खाद्यावर अवलंबून असतो. पोषणात फार मोठा फरक नसतो. परवडत नसेल तर साध्या पांढऱ्या अंड्यातही तेवढेच काम होते.

बलकाभोवती हिरवट कडा आली तर?
अंडे जास्त वेळ उकडले की बलकातले लोह आणि पांढऱ्या भागातले गंधक एकत्र येऊन हा रंग येतो. तो निरुपद्रवी आहे.

श्रावणात किंवा गुरुवारी अंडे चालत नाही, मग काय?
मोड आलेली मटकी, उकडलेले चणे किंवा पनीर याच ठेच्यात परतावे. प्रथिने मिळतात. बी-१२साठी दूध-दही घ्यावे.

डॉक्टरांकडे कधी जावे?

अंडे खाल्ल्यावर काही तासांपासून काही दिवसांत जुलाब, पोटात कळ, ताप किंवा उलट्या सुरू झाल्या तर अन्नातून संसर्ग झालेला असू शकतो. लगेच ओआरएस सुरू करावे. मनाने अँटिबायोटिक किंवा जुलाब थांबवण्याची गोळी घेऊ नये. पुढीलपैकी काही असेल तर रुग्णालयात जावे :

• शौचातून रक्त पडणे किंवा तीव्र ताप
• पाणीही पोटात न टिकणे, लघवी खूप कमी होणे, गळून जाणे
• तीन दिवसांनंतरही जुलाब न थांबणे
• रुग्ण तान्हे बाळ, गरोदर, वृद्ध किंवा मधुमेह, मूत्रपिंडाचा आजार, कर्करोगाचे उपचार असलेला असणे

अंडे खाल्ल्यावर काही मिनिटांत चेहरा किंवा जीभ सुजणे, श्वास लागणे, आवाज बसणे किंवा चक्कर येणे ही तीव्र ॲलर्जीची लक्षणे आहेत. त्यात वाट पाहू नये. १०८ वर फोन करावा.

आहाराचा सल्ला प्रत्येकाच्या आजारानुसार आणि औषधांनुसार बदलतो. पुढच्या तपासणीला जाताना घरी रोज किती अंडी, किती मीठ आणि किती तेल वापरले जाते हे एका कागदावर लिहून न्यावे. त्यावरून तुमच्यासाठी नेमके प्रमाण ठरवणे डॉक्टरांना सोपे जाते.